गालावरच्या दोन रेघा

राजापेठेत सकाळी सातच्या आत जो अर्धा तास मिळतो, तेवढाच कानांचा. पुण्याहून आलेल्या रात्रीच्या ट्रॅव्हल्स झोपाळलेली माणसं उतरवून गेलेल्या असतात, ऑटोवाल्यांची ओढाओढ संपलेली असते आणि उड्डाणपुलावरची गर्दी अजून चढायची असते. ऑक्टोबरातल्या अशाच एका सकाळी दूध घेऊन येत होतो, तर मोबाइलच्या दुकानाची पायरी झाडणाऱ्या पोरानं हाक मारली. "काका, या बरं इकडे. पाहा हे पाखरू. काचीवर आदळलं धाडकन! मेलं काय जी?"

मेलं नव्हतं. फरशीवर पंख अर्धवट पसरून बसलं होतं, चोच उघडी, डोळा टक्क. मी उचलून घेतलं. जन्मभर दुर्बिणीतून पाखरं पाहणाऱ्या माणसाच्या हातात पाखरू क्वचितच येतं, आणि आलं की आधी रंग दिसत नाहीत, ऊब लागते. मग बोटांना छातीची धडधड कळते. रंग त्यानंतर. डोकं, मान, छाती नारिंगी, तेही एकसारखं नाही. टाळूवर जरा मातकट, छातीवर उजळ, पोटाकडे फिकं होत होत शेपटीखाली पांढरं. पाठ राखाडी-निळी, खांद्याच्या मोडीवर पांढरी पट्टी. पाय फिकट गुलाबी आणि त्यांना कुठल्याशा ओल्या मातीचा वाळलेला पापुद्रा. डोळा मोठा, काळाभोर. झुंजूमुंजू उजेडात पोट भरणाऱ्याला लागतो तसा. नर होता. नारिंगी डोक्याचा कस्तुर.

एवढं ओळखायला काही लागत नाही. मी अडलो तो त्याच्या गालांवर. गाल कोरे होते.

आमच्या वऱ्हाडातल्या कस्तुराचे गाल कोरे नसतात. त्याचा चेहरा आणि गळा पांढरा असतो आणि त्या पांढऱ्यावरून दोन गडद रेघा उभ्या उतरतात, एक डोळ्याखालून, दुसरी त्यामागे कानाजवळून. जुनी पुस्तकं त्याला सरळ पांढऱ्या गळ्याचा म्हणत आणि वेगळा मानत. मेळघाटात पावसाळ्यात जो गातो तो हा. सातपुड्यापासून सह्याद्रीपर्यंत, दक्षिणेच्या पठारावर राहणारा, इथंच घरटं बांधणारा. दुसरा, कोऱ्या गालांचा, हिमालयाच्या पायथ्याच्या रानांतला. उन्हाळा तिकडे काढतो, थंडीच्या तोंडाशी खाली उतरतो, दक्षिण भारत आणि श्रीलंकेपर्यंत जातो. रात्री उडतो. पहाटे जिथं उजाडेल तिथं उतरायचं, आणि त्या पहाटे उजाडलं ते राजापेठेत, मोबाइल कव्हरांच्या झगमगीत काचेसमोर.

पोरानं चार्जरचा रिकामा खोका आणला, भोकं पाडली, वर रुमाल टाकला. "पानी पाजू काय त्याले?" मी म्हटलं, काही करू नको, अंधारात राहू दे. अर्ध्या-पाऊण तासानं खोक्यात खडबड सुरू झाली, रुमाल काढला, आणि पाखरू सुटलं ते मागच्या गल्लीतल्या कडुलिंबात. पोरगा म्हणाला, "मस्त होतं हो. संत्र्यासारखं." मी अमरावतीचा असल्यामुळे मला लगेच कोणता संत्रा हा प्रश्न पडला. आंबिया बहाराचा नव्हे. तो बाजारात येतो तेव्हा पुष्कळदा अर्धा हिरवाच असतो. हा मृगाचा, मोर्शी-वरुडकडचा, हिवाळ्याच्या रात्री झाडावर काढून मग उतरवलेला.

दोन कस्तुरांत फरक इतकाच का? पक्षीशास्त्राच्या हिशेबानं आज दोघे एकाच जातीत बसतात, दोन उपजाती म्हणून. उत्तरेकडच्याला लॅथमनं 1790 मध्ये नाव दिलं, आपल्या रेघवाल्याला जार्डिन आणि सेल्बी यांनी 1828 मध्ये. पण 2005 साली पामेला रासमुसेन आणि जॉन अँडर्टन यांचं दक्षिण आशियातल्या पक्ष्यांवरचं जाडजूड पुस्तक आलं, त्यात एक शंका नोंदवलेली आहे: या एका नावाखाली एकाहून जास्त जाती नांदत असाव्यात. मला ती शंका पटते. त्याला शास्त्रीय आधार माझ्याजवळ नाही, कान आहेत.

जुलैत परतवाड्याहून सेमाडोहकडे जाताना घाट चढला की गाडी बंद करायची. सागाची पानं तोवर मोठी झालेली असतात, त्यांवर पावसाचा आवाज इतका की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. पाऊस उघडतो, पानं निथळत राहतात, आणि त्या निथळण्यातून रेघवाला सुरू होतो. स्वच्छ, भरघोस, तुकड्या-तुकड्यांत गाणारा आवाज, प्रत्येक तुकडा वेगळा. मध्येच बुलबुल बोलल्यासारखं वाटतं, मग शिंपी, मग सातभाईंची कलकल. आणि हे सगळे तोच. नकला करण्यात त्याला लाज नाही. गायला झाडावर बसतो, पण पोटासाठी जमिनीवर. बांबूच्या बेटाखाली कुजलेल्या पाचोळ्यात चोच घालतो, पान उचलून बाजूला भिरकावतो, खालचा किडा गिळतो. दोन उड्या, थांबा, मान तिरपी, पुन्हा पान. पाचोळा खसखसला की नवखा माणूस सरपटणारं जनावर समजून मागे सरतो. घरटं फार उंच नसतं, बेचक्यात मातीनं लिंपलेलं, आणि त्या घरट्यात चातक आपलं अंडं घालून जातो. चातकावर आपल्याकडे कवींनी इतकं लिहिलंय, पण त्याची पोरं कोण पोसतं ते कुणी लिहीत नाही.

हा झाला आपला. उत्तरेकडचा इथं येतो तेव्हा गात नाही. थंडीत त्याचं काम फक्त खाणं. फार तर एखादी बारीक, दातांतून ओढल्यासारखी शीळ. म्हणजे एकाला आम्ही गळ्यावरून ओळखतो आणि दुसऱ्याला चेहऱ्यावरून, आणि मग दोघांची तुलना करायला बसतो. ही तुलना मला नेहमीच जरा लंगडी वाटत आली आहे. त्याच्या गावी जाऊन, त्याच्या मोसमात, त्याचं गाणं ऐकल्याशिवाय तो आपल्या कस्तुराचा सख्खा भाऊ की चुलत, हे बोलू नये.

रासमुसेनबाईंचं नाव आलं आहे तर त्यांना असं सोडता येत नाही. वऱ्हाडावर त्यांचे उपकार आहेत आणि ते उपकार एका पिंगळ्याच्या वाटेनं आले.

आपल्या गल्लीतला ठिपकेदार पिंगळा सगळ्यांना माहीत आहे. त्याच्यासारखाच दिसणारा, पण डोक्यावर जवळजवळ ठिपके नसलेला, दणकट पायांचा, दिवसाउजेडी शिकार करणारा दुसरा एक पिंगळा, म्हणजे रानपिंगळा, 1872 मध्ये ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्यानं पूर्वेकडे फुलझर भागात मिळवला, आणि पुढच्या वर्षी त्याचं वर्णन छापलं ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी. होय, काँग्रेसचे ह्यूम. शाळेत आपल्याला त्यांच्याबद्दल एक ओळ शिकवतात, काँग्रेसचे संस्थापक, 1885. त्या ओळीच्या आधीचा माणूस सांगतच नाहीत. सिमल्याला जाखू टेकडीवर रॉथनी कॅसल नावाचा त्यांचा वाडा होता, आणि त्यात हिंदुस्थानभरातून गोळा केलेले 80,000 च्या आसपास पक्षी, अंडी, घरटी. स्वतःचं नियतकालिक होतं. देशभरचे कलेक्टर, रेल्वेचे इंजिनिअर, मिठागरांचे अधिकारी त्यांना पक्षी पाठवत. हिंदुस्थानच्या पक्ष्यांवर एक मोठा ग्रंथ लिहायचा म्हणून वर्षानुवर्षं टिपणं काढून ठेवलेली, ढीगच्या ढीग. आणि एका हिवाळ्यात ते सिमल्याबाहेर गेले असताना एका नोकरानं त्यातली बरीचशी टिपणं सिमल्याच्या बाजारात रद्दीच्या भावात विकून टाकली.

ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बाहेर आलो. त्या कागदांतून सिमल्याच्या बाजारात लोकांनी काय नेलं असेल? चणे, हळद, सुपाऱ्या? कुणाच्या तरी पुडीवर गढवालच्या तितराच्या सवयी असतील, कुणाच्या पुडीवर सिंधमधल्या बदकांची लांबी-रुंदी. राजापेठेत आमच्या घराजवळ एक रद्दीचं दुकान आहे. तिथं तागडीत पडलेल्या वह्यांकडे तेव्हापासून मला धड बघवत नाही, आणि तरी बघितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एकदा बारावीच्या वनस्पतिशास्त्राची प्रात्यक्षिक वही पाहिली, जास्वंदीचा उभा छेद इतका देखणा काढलेला की मी ती किलोच्या भावानं विकत घेतली. बायकोनं विचारलं, हे काय? सांगायला माझ्याकडे ह्यूमची गोष्ट होती, पण भाजी करपत होती.

ह्यूमनं मात्र पक्ष्यांवरून मनच काढून घेतलं. संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. तो न्यायला लंडनहून बोडलर शार्प आला, आणि त्यानं जे पॅकिंग करवून घेतलं ते मला फार आवडतं: जागेवर बनवलेल्या देवदाराच्या 47 पेट्या, पक्ष्यांना इजा नको म्हणून खिळ्यांशिवाय, एकेक पेटी अर्ध्या टनाची. टेकडीवरून खाली, मग बैलगाडीनं कालका, तिथून मुंबई बंदर. हे 1885 साल. त्याच डिसेंबरात मुंबईत काँग्रेस भरली. आता कुणी म्हणेल की रद्दीवाल्यामुळे काँग्रेस जन्माला आली, तर तसं काही नाही. पण एका माणसाच्या रिकाम्या झालेल्या वाड्यात दुसरं काहीतरी शिरायला जागा झाली असेल एवढं मानायला माझी हरकत नाही. बारा वर्षांनी, 1897 च्या डिसेंबरात काँग्रेस अमरावतीला आली. अध्यक्ष शंकरन नायर, स्वागताध्यक्ष आमचे दादासाहेब खापर्डे. ह्यूम तोवर विलायतेला परतले होते. अमरावतीहून मेळघाट दिसतो, पावसानंतर हवा निवळली की निळी ओळ स्पष्ट दिसते. त्या ओळीत ह्यूमनंच नाव दिलेला पिंगळा बसलेला होता, हे मांडवात कुणालाच ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असायचं कारणही नव्हतं.

कारण तो पिंगळा तोवर हरवला होता. डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्यानं 1880 च्या सुमारास खानदेशात काही मिळवले, शेवटचा 1884 मध्ये, आणि त्यानंतर नाव नाही. जगात सगळे मिळून सात पेंढा भरलेले नमुने. फक्त एक नोंद नंतरची: कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन, 1914, गुजरातेत मांडवी. कर्नल म्हणजे मोठं प्रस्थ. युद्धं, हेरगिरी, पक्षी, उवा, सगळ्यांत नाव. त्याची नोंद म्हणजे दगडावरची रेघ. त्यामुळे रानपिंगळा शोधणारे लोक तिकडेही जाऊन थकून आले.

रासमुसेनबाई पुस्तकासाठी जुने नमुने तपासत होत्या, त्यात हा पिंगळा हाती आला. निगेल कोलर सोबत होते. एक्स-रे काढले, आतला कापूस पाहिला, टाके पाहिले. शिंपी आपलं काम ओळखतो तसं पेंढा भरणाऱ्याचंही ओळखता येतं. कर्नलचा पिंगळा कर्नलचा नव्हताच. डेव्हिडसनच्या खानदेशातल्या पिंगळ्यांपैकी एक म्युझियममधून चोरून, उसवून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी बांधून त्यानं आपला म्हणून खपवला होता. आणि हे एकच प्रकरण नव्हतं. त्याच्या संग्रहात असे किती तरी निघाले. त्याला एके काळी पक्षीदालनात यायची बंदी झाली होती, तरी 1954 मध्ये त्याच म्युझियमनं त्याचा 20,000 पक्ष्यांचा संग्रह मानानं ठेवून घेतला.

मांडवी बाद झाल्यावर उरल्या फक्त खऱ्या चिठ्ठ्या. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट त्या चिठ्ठ्यांमागून निघाले आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, भर सकाळी तो झाडावर बसलेला सापडला. 113 वर्षांनी. पुढे फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी शोध घेतला तेव्हा तो मेळघाटातही निघाला, आणि आज रानपिंगळा म्हटलं की लोक मेळघाटचंच नाव घेतात. हौशी लोक लांबून येतात, मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावतात. मला तो प्रकार आवडत नाही. पाखराला त्याच्याच आवाजात खोटं सांगायचं, हे जरा कर्नलच्या वळणावर जातं.

याच कर्नलबरोबर 1937 मध्ये सालिम अली अफगाणिस्तानात गेले होते. कर्नलनं रोजनिशीत त्यांच्याबद्दल वाईटसाईट लिहून ठेवलं, आणि सालिम अलींनी तो मजकूर पुढे स्वतःच्या आत्मचरित्रात मजेनं छापला. 1987 मध्ये ते गेले. कर्नलचा पिंगळा त्यांच्या हयातीत खराच होता.

सालिम अलींचं नाव पुन्हा पुढे येतं ते कस्तुरांच्याच वाटेनं. 2009 सालच्या मे-जूनमध्ये स्वीडनचे पेर ऑल्स्ट्रम आणि आपले शशांक दळवी पश्चिम अरुणाचलात फिरत होते. तिथं साध्या तपकिरी पाठीचा एक कस्तुर आहे, पोटावर चंद्रकोरीसारख्या काळ्या खुणा, तोही जमिनीवर चरणारा. पुस्तकांत एकच जात. या दोघांच्या लक्षात आलं की सूचिपर्णी रानात गाणारा गोड गातो आणि झाडं संपल्यावर वर उघड्या खडकाळ उतारावर गाणारा खरखरत्या, ओरखडे काढल्यासारख्या आवाजात गातो. पाहायला सारखे. तरी गळे इतके वेगळे की एकाच घरातले म्हणवेनात. मग पुन्हा तेच, पेट्या, कप्पे, चिठ्ठ्या. 7 देशांतल्या 15 संग्रहालयांतले नमुने मोजले, तेव्हा शेपटीत, पायांत, चोचीत मिलिमीटरांचे फरक दिसू लागले, जे आधीही तिथंच होते पण कुणी मोजायला गेलं नव्हतं. रक्ताच्या तपासणीत दोघांची वाट लाखो वर्षांपूर्वीच फुटलेली निघाली. 2016 च्या जानेवारीत शोधनिबंध छापून आला. लेखकांच्या यादीत दुसरं नाव पामेला रासमुसेन. रानातल्या गोड गळ्याच्या कस्तुराला नाव दिलं सालिम अलींचं.

इथं नीट न्याय झाला असं वाटून मी सुखावलो, खोटं कशाला सांगू. पण दोन्ही गाण्यांच्या ध्वनिफिती मिळवून ऐकल्या, आणि मन बसलं ते वरच्यावर, खरखरीतावर. गोड गाणारा छान आहे. कस्तुरांच्या घराण्यात गोड गाणारे पुष्कळ आहेत, आमच्या मेळघाटातही आहे. पण झाडांच्या वर, जिथं वारा कधी थांबत नाही आणि आडोशाला पान नाही, तिथं मधाळ तानांचा काय उपयोग? त्यानं आपला गळा जागेप्रमाणे घासून घेतला आहे, असं मला वाटतं. शास्त्रज्ञ हसतील, हसोत. आणि नवं नाव खालच्याला मिळालं, तरी जुनं नाव हाच सांभाळून आहे, मुकाट्यानं.

त्याला ऐकायचं तर जूनमध्ये जावं लागतं. बडनेऱ्याहून हावडा मेल थेट आहे, पुढचं पुढे. मी हा बेत जेवताना बोलून दाखवला. बायकोनं वरणाची वाटी पुढे सरकवली आणि म्हणाली, "जूनमध्ये? अहो, पाऊस लागला की तुमचा तो रेघवाला गातो ना इथं सेमाडोहला? त्याले कोन ऐकल मंग?"